एर्टिगा की रुमियन, बलेनो की ग्लांझा: जुळ्या गाड्यांमधली आपली कुठली हे कसं ठरवायचं

फॅमिलीसाठी गाडी घ्यायची म्हटलं की हल्ली हा गोंधळ ठरलेलाच. मारुतीच्या शोरूममध्ये जी गाडी बघून आलो तीच चार दिवसांनी टोयोटाच्या शोरूममध्ये दुसऱ्या नावाने उभी दिसते, किंमत थोडी जास्त, आणि मग घरात दोन पार्ट्या पडतात. एकजण म्हणतो अरे तीच गाडी आहे, उगाच जास्त पैसे कशाला, दुसरा म्हणतो टोयोटा ती टोयोटाच. माझ्याकडे नात्यातले, ऑफिसमधले बरेच जण हा प्रश्न घेऊन येतात आणि मला मनापासून वाटतं की यात लोकांचे पैसे फुकट जाऊ नयेत, म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय.

पहिलं काम म्हणजे कुठली गाडी मुळात कुणाची ते पक्कं करा. जून २०१९ मध्ये टोयोटाची ग्लांझा आली, ती मुळात मारुतीची बलेनो. मग २०२० मध्ये अर्बन क्रूझर आली, ती जुनी ब्रेझा, आणि ती २०२२ मध्ये बंदही झाली. ऑगस्ट २०२३ ला रुमियन, म्हणजे एर्टिगा. एप्रिल २०२४ ला टायझर, म्हणजे फ्रॉन्क्स. या सगळ्या मारुती सुझुकीच्या कारखान्यातून बनून टोयोटाकडे जातात, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पत्राही तोच. बलेनो आणि ग्लांझाचं १.२ लिटरचं इंजिन एकच, एर्टिगा आणि रुमियनचं १.५ लिटरचं एकच, कंपनीने सांगितलेलं सीएनजीचं ॲव्हरेजसुद्धा दोघींचं २६.११ किमी प्रति किलो. त्यामुळे रुमियन घेताना "टोयोटाची बिल्ड क्वालिटी मिळते" असं कुणी सांगितलं तर ते डोक्यातून काढून टाका. बॉनेट उघडून बघा, पार्ट्सवर सुझुकीचे शिक्के दिसतील.

पण उलटंही आहे, आणि ते लोकांना माहीत नसतं. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या २०२२ मध्ये आलेल्या दोन्ही गाड्या टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यात बनायला लागल्या आणि त्यातल्या स्ट्राँग हायब्रिडचं (पेट्रोल इंजिनसोबत मोठी बॅटरी आणि मोटर असलेल्या मॉडेलचं) मशीन टोयोटाचं आहे. २०२३ ची इन्व्हिक्टो तर सरळ सरळ इनोव्हा हायक्रॉस, मारुतीचा लोगो लावलेली. म्हणजे मारुती स्वस्त आणि टोयोटा महाग असं एका ओळीत काही सांगता येत नाही, जोडी बघून बोलावं लागतं.

आता खरी मेख. लोक किंमत बघताना "सुरू होते इतक्यापासून" हा आकडा धरतात आणि तिथेच फसतात. रुमियन आली तेव्हाचे भाव सांगतो, आज ते बदललेत पण हिशोबाची पद्धत तीच. ऑगस्ट २०२३ ला एर्टिगा सुरू व्हायची ८.६४ लाखांपासून आणि रुमियन १०.२९ लाखांपासून, एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-इन्शुरन्स सोडून. बघणाऱ्याला वाटणार बापरे, लोगोचे १ लाख ६५ हजार! पण रुमियनला बेस मॉडेलच नव्हतं. एर्टिगाचं एलएक्सआय जे आहे त्याच्या जोडीचं टोयोटाने आणलंच नाही, रुमियनचं एस म्हणजे एर्टिगाचं व्हीएक्सआय, जी म्हणजे झेडएक्सआय आणि व्ही म्हणजे झेडएक्सआय प्लस. व्हीएक्सआय तेव्हा ९.७८ लाखांना होती, म्हणजे खरा फरक ५१ हजार. सीएनजीत पण तेवढाच, १०.७३ आणि ११.२४. टॉप मॉडेलला फरक ६० हजारांचा. १ लाख ६५ हजार आणि ५१ हजार यात किती अंतर आहे बघा, आणि लोक नुसता पहिला आकडा बघून घरी जातात.

म्हणून दोन्ही कंपन्यांचे ब्रोशर शेजारी शेजारी ठेवा, फोनवर नको, प्रिंट काढा, आणि पेन घेऊन व्हेरियंटला व्हेरियंट जोडा. तुम्हाला लागणाऱ्या गोष्टींवर खूण करा: एअरबॅग किती, मागे एसी आहे का, मागचा कॅमेरा, मागचा वायपर, क्रूझ कंट्रोल, सीटची उंची कमी-जास्त होते का, मधल्या रांगेला आर्मरेस्ट. ज्या गोष्टी तुम्ही कधी वापरणार नाही त्यांच्यावर खूणच करू नका, नाहीतर फीचर मोजण्याच्या नादात नको ते टॉप मॉडेल गळ्यात पडतं.

या कामात कधीकधी मजेशीर गोष्ट बाहेर येते. ग्लांझा आणि बलेनोचं २०२२ चं मॉडेल आलं तेव्हा एकीची सुरुवात ६.३९ आणि दुसरीची ६.३५ लाखांना, म्हणजे ४ हजारांचा फरक, यात वाद घालण्यासारखं काहीच नाही, जे शोरूम बरं वागेल तिथे घ्या. टायझरच्या बाबतीत वेगळं, तिथे टर्बो इंजिन वरच्या व्हेरियंटलाच दिलं होतं तर फ्रॉन्क्समध्ये ते मधल्या डेल्टा प्लसलाच मिळायचं, म्हणजे ज्याला टर्बोच हवी त्याला फ्रॉन्क्स बरीच स्वस्त. आणि हायब्रिडमध्ये तर चित्र एकदम पालटलं. सप्टेंबर २०२२ ला हायरायडरची सगळ्यात स्वस्त स्ट्राँग हायब्रिड १५.११ लाखांना होती कारण टोयोटाने ती एस व्हेरियंटपासून दिली, आणि ग्रँड व्हिटाराची हायब्रिड झेटा प्लसपासून, १७.९९ लाखांना. ज्याला फक्त हायब्रिडचं ॲव्हरेज पाहिजे, सनरूफ नको, त्याला महागड्या बॅजची, म्हणजे टोयोटाच्या लोगोची गाडी जवळपास २ लाख ८८ हजारांनी स्वस्त पडत होती. पुढे मारुतीने पण खालचं हायब्रिड मॉडेल आणलं, पण मुद्दा लक्षात ठेवा, इंजिन-गिअरबॉक्सची जोडी आधी ठरवा आणि ती कुठल्या बॅजला सगळ्यात खालच्या व्हेरियंटमध्ये मिळते ते शोधा. इन्व्हिक्टोचं तसंच, ती फक्त हायब्रिडमध्येच येते, पण हायक्रॉसच्या टॉप मॉडेलमधलं अडास (धोका दिसला की इशारा देणारी, स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) तिच्यात नाही, मधल्या रांगेतल्या पाय वर घेऊन बसायच्या ऑटोमन सीट नाहीत. ज्यांच्या घरी आई-वडील मधल्या रांगेत लांबचा प्रवास करणार त्यांनी या सीटवर स्वतः बसून बघावं आणि मगच ठरवावं.

व्हेरियंट जुळले की कोटेशन. दोन्हीकडून लेखी, ऑन-रोड (टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून), एक एक ओळ सुटी करून मागा. "टोटल सांगतो ना साहेब" वर थांबू नका. महाराष्ट्रात एक गंमत आहे जी एक्स-शोरूमच्या फरकात दिसत नाही. पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के, आणि तो गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो. वरचंच उदाहरण घ्या. व्हीएक्सआयचे ९.७८ लाख, ११ टक्क्यांनी टॅक्स १ लाख ७ हजार ५८०. रुमियन एसचे १०.२९ लाख, १२ टक्क्यांनी १ लाख २३ हजार ४८०. झाला की नाही १५ हजार ९०० चा फरक, म्हणजे ५१ हजारांचे झाले जवळपास ६७ हजार. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (शोरूमने आपल्या नावावर आगाऊ भरायचा इन्कम टॅक्स) कापतात, इथे १० हजार २९०, तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो पण डिलिव्हरीच्या दिवशी खिशातून जातोच. जुळ्या गाड्यांपैकी एक १० लाखांच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असेल तर हा हिशोब हमखास करा. हाच प्रकार २० लाखांच्या रेषेवर. सीएनजीचे टक्के वेगळे आणि कमी आहेत, ते त्या दिवशीचे आरटीओचे दर विचारून घ्या.

हे ६७ हजार लोनवर घेतले, ९ टक्के व्याज, ७ वर्षं, तर महिन्याला साधारण १,०७८ रुपये जास्त हप्ता आणि शेवटपर्यंत मिळून ९० हजारांच्या वर. आता हा आकडा समोर ठेवून स्वतःला विचारा की या पैशात त्या लोगोने मला नक्की काय दिलं. उत्तर नाव घेऊन सांगता आलं पाहिजे, "जवळचं वर्कशॉप", "चार महिने आधी डिलिव्हरी", असं काहीतरी. नुसतं "टोयोटा आहे" हे उत्तर मी तरी धरत नाही.

जीएसटीचं पण सांगून टाकतो कारण विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या, म्हणून बलेनो, ग्लांझा, फ्रॉन्क्स, टायझर सगळ्याच उतरल्या. एर्टिगा-रुमियन लांबीने ४ मीटरच्या वर म्हणून ४० टक्क्यांत. जुळ्यांना दर सारखाच लागतो, त्यामुळे निवडीत याने फरक पडत नाही.

कोटेशनमध्ये इन्शुरन्सची ओळ नीट वाचा. थर्ड पार्टीचा भाग इंजिनच्या सीसीवर ठरतो, तो दोन्ही गाड्यांना सारखा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर), म्हणजे महाग गाडीला थोडा जास्त. पण मोठा फरक येतो तो शोरूमच्या भरमसाठ ॲड-ऑनमुळे, एकाने झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सची घसारा-कपात न होणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्ट, चावी हरवल्याचं कव्हर सगळं घातलेलं असतं आणि दुसऱ्याने साधी पॉलिसी, आणि आपण म्हणतो ही गाडी १५ हजारांनी महाग. दोघांना सेम कव्हर सांगा. इन्शुरन्स बाहेरून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, शोरूमवाला तोंड वाकडं करेल, करू दे. आणि "हँडलिंग चार्जेस", "लॉजिस्टिक" असलं काही दिसलं तर सरळ काढायला लावा. माझ्या मावसभावाच्या कोटेशनमध्ये एका शोरूमने ८ हजार घातले होते, त्याने शांतपणे विचारलं की ही कसली रक्कम, पावती देणार का, आणि ती ओळ गायब झाली.

वॉरंटीवरून बरीच जुनी माहिती फिरतेय. आधी मारुतीची २ वर्षं किंवा ४० हजार किमी होती आणि टोयोटाची ३ वर्षं किंवा १ लाख किमी, त्यामुळे तेव्हा टोयोटाला थोडे जास्त पैसे देण्यात खरंच अर्थ होता, वाढीव वॉरंटीचे पैसे वाचायचे. जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षं, १ लाख किमी केली. म्हणजे नवीन गाडीला तो मुद्दा आता संपला, आणि सेल्समन अजूनही तो सांगत असेल तर त्याला तारीख सांगा. सेकंड हँडमध्ये मात्र हे अजून जिवंत आहे, त्यावर शेवटी येतो.

आता गाडी बघायला जाताना. दोन्ही शोरूम शक्यतो एकाच दिवशी करा आणि अख्खं घर घेऊन जा, आजीपासून लहान पोरापर्यंत. चालवायला दोन्ही सारख्याच लागणार, त्यात वेळ घालवू नका, पुढे बंपर, ग्रिल, अलॉय, आतला रंग एवढाच फरक असतो, ग्लांझाला आत काळा-बेज आणि बलेनोला काळा-निळा वगैरे. बेज रंगावर लहान मुलांच्या घरात काय होतं ते मी सांगायला नको. वेळ घालवायचा तो बसण्यात. एर्टिगा किंवा रुमियनमध्ये मधली सीट पुढे सरकवून सगळ्यात उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवा, आणि मग मधल्या रांगेत दुसरा माणूस आरामात बसेल इतकी सीट मागे घ्या. मागच्याचे गुडघे कुठे येतात, मांडीखाली सीट किती लागते, डोकं छताला टेकतं का, पाच-सात मिनिटं तसंच बसू दे, सेल्समन घाई करेल. आजीला मागे जायला सांगू नका, तिला मधल्या रांगेत चढता-उतरता येतं का तेवढं बघा, दाराचं हँडल धरून पाय कसा पडतो ते. आणि घरून एक मोठी बॅग न्या. सातही सीट वर असताना डिकी २०९ लिटरची आहे, मोठी बॅग आडवी बसत नाही, उभी करून बघावी लागते, गणपतीला सात माणसं कोकणात नेणाऱ्याला हे शोरूममध्येच कळलेलं बरं. तिसरी रांग पाडली की ५५० लिटर होतात. हायब्रिड ग्रँड व्हिटारा-हायरायडरला मागे बॅटरी असल्यामुळे डिकी साध्या मॉडेलपेक्षा बरीच लहान, तिथेही बॅग घेऊनच जा.

सर्व्हिस हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि लोक यालाच शेवटी ठेवतात. वॉरंटीत असेपर्यंत ज्या बॅजची गाडी त्याच बॅजच्या वर्कशॉपमध्ये जायचं. मारुतीची देशभर ५ हजारांच्या वर सर्व्हिस सेंटर आहेत, तालुक्याच्या गावाला पण एखादं सापडतं. टोयोटाचं जाळं वाढलंय पण तेवढं दाट नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात राहणाऱ्याला फरक पडणार नाही, पण तुम्ही जत, किनवट किंवा वेंगुर्ल्याकडे राहात असाल तर मॅपवर दोन्ही कंपन्यांचं सगळ्यात जवळचं वर्कशॉप टाका आणि येण्या-जाण्याचे किलोमीटर लिहून काढा. वर्षाला एक सर्व्हिस आणि एखादं किरकोळ काम धरलं तरी दर वेळी अख्खा दिवस जाणार असेल तर ती किंमत पण गाडीतच धरा. दुसरीकडे टोयोटाच्या काही वर्कशॉपमध्ये गर्दी कमी असते, माणसं नीट बोलतात, काम समजावून सांगतात, हे मी खूप जणांकडून ऐकलंय आणि ज्याला तो अनुभव हवा त्याने त्यासाठी पैसे दिले तर त्यात काही चुकीचं नाही. फक्त ते तुमच्या गावच्या वर्कशॉपबद्दल खरं आहे का हे बघा. शनिवारी सकाळी जा, बाहेर गाडी घ्यायला आलेल्या दोन-तीन लोकांशी बोला, ते सगळं सांगतात.

तिथेच पार्ट्सच्या काउंटरवर पुढचा बंपर, हेडलाइट आणि ग्रिलचे भाव विचारून घ्या, आणि ते स्टॉकमध्ये असतात की मागवावे लागतात तेही. क्लच, ब्रेक, फिल्टर, सस्पेन्शन दोन्हींचे एकच, पण चेहरा वेगळा आहे आणि शहरात ठोकर लागते ती चेहऱ्यालाच. ज्या बॅजच्या गाड्या रस्त्यावर कमी, तिचा बंपर यायला वेळ लागू शकतो. रेनोची डस्टर आणि निसानची टेरानो यांच्या वेळी हेच होतं, एकच गाडी दोन चेहऱ्यांची, आणि टेरानो २०२० मध्ये बंद झाली.

डिलिव्हरी आणि डिस्काउंट महिन्या-महिन्याला बदलतं. मारुतीकडे, विशेषतः नेक्साच्या (मारुतीच्याच वेगळ्या शोरूमच्या) गाड्यांवर, सूट बऱ्याचदा मिळते, एक्स्चेंज बोनस वेगळा. एर्टिगासारख्या खपणाऱ्या गाडीवर फारसं काही सुटत नाही आणि सीएनजीला थांबावं लागू शकतं, अशा वेळी रुमियन लवकर मिळत असेल तर फरकाचे पैसे देणं पटू शकतं, किंवा उलट. दोन्ही शोरूमना एकमेकांचं कोटेशन दाखवा, लपवू नका. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि डिसेंबरात जास्त सुटतं, फक्त डिसेंबरात घेतली तर गाडी त्याच वर्षाची नोंदणी होते हे रिसेलच्या वेळी लक्षात येतं.

रिसेलबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांपासून जरा लांब राहा. एर्टिगाला गिऱ्हाईक पटकन मिळतं, टॅक्सीवाले पण घेतात. रुमियनला टोयोटा नावामुळे भाव टिकेल असं म्हणतात पण गिऱ्हाईक त्या मानाने कमी. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्याने याच्यावर निर्णय घेऊच नये.

स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांसाठी थोडक्यात. कुशाक-टायगुन आणि स्लाव्हिया-व्हर्टस आपल्या चाकणच्या कारखान्यात एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात, १.० आणि १.५ चं टर्बो इंजिन तेच, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चौघींना ५ स्टार. पण या मारुती-टोयोटासारख्या जुळ्या नाहीत, बॉडी आणि डॅशबोर्ड वेगळे आहेत, त्यामुळे यांच्यात आवडीला जास्त जागा आहे. व्हेरियंट जोडणं, १० लाखांची रेषा, वर्कशॉपचं अंतर, हे मात्र जसंच्या तसं लागू.

आणि सेकंड हँड घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी तर ही जुळी भावंडं म्हणजे सोन्याची संधी. एकाच वर्षाची, तेवढीच चाललेली बलेनो आणि ग्लांझा दोन्ही शोधा, कारण शोधणारे बहुतेक एकच नाव टाइप करतात आणि दुसरं नाव तसंच पडून राहतं. जुलै २०२४ च्या आधीची मारुती असेल तर कंपनीची मूळ वॉरंटी २ वर्षांचीच होती, मालकाने वाढीव घेतली होती का त्याचा कागद मागा, त्याच काळातल्या टोयोटाला ३ वर्षं आपोआप होती. २०२० ते २०२२ ची अर्बन क्रूझर स्वस्तात मिळत असेल तर गाडी म्हणून ती ब्रेझाच आहे, मेकॅनिकल पार्ट्सची काळजी नको, पण पुढचा बंपर आणि ग्रिल आधी फोन करून विचारा. सर्व्हिस हिस्टरी ज्या बॅजची गाडी त्याच कंपनीच्या वर्कशॉपमधून काढा, गाडी नंबरवर मिळते, आणि त्यातले किलोमीटर मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.